परवा सांगा

आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा मालिशनं काय काय होत नाही, ते बाईंनी चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं. एक हात दाराच्या चौकटीला, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

"वजन कमी होत नाही. साखर उतरत नाही. गेलेलं अंग परत येत नाही. केस काळे होत नाहीत. सुनेशी पटायला लागत नाही. हे सगळं चालणार असेल तर आत येते."

आमच्याकडे सून नव्हती. मी लग्न केलेलं नाही आणि भावानं बंगळुरात केलेलं आहे. पण ही यादी बाई सगळ्याच घरांत दारात उभ्या राहून म्हणत असत, माणसं बघून त्यात बदल करायची त्यांची पद्धत नव्हती.

"मग होतं काय?" मी विचारलं.

"अंग थोडं मोकळं होतं. झोप बरी लागते. पडून असलेल्या माणसाला जरा उलटंपालटं केलं जातं, कातडी कुठं लाल झालीय का ते बघितलं जातं. आणि पाऊण तास कुणीतरी हात लावतं. एवढंच."

मला खरं तर हायसं वाटलं. त्या दिवसांत आमच्याकडे जो येईल तो काहीतरी आशा दाखवून जायचा. कुणी केरळचं तेल सांगायचं, कुणी कुठल्याशा वैद्यांचा पत्ता. ते गेले की ती आशा मला एकटीला आवरावी लागायची, चहाच्या कपांबरोबर.

आईला अर्धांगाचा झटका येऊन पाच महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. समजत सगळं होतं, पण तोंडातून दोनच शब्द यायचे: 'हं' आणि 'नको'. पेठेतल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेली माझी आई. मी विम्याच्या कंपनीतली नोकरी मुदतीआधी सोडून घरी बसले होते. भावानं हडपसरला एक केंद्र शोधून ठेवलं होतं. चोवीस तास नर्स, स्वच्छ खोल्या, बाग. तो दर रविवारी फोनवर त्या बागेचं वर्णन करायचा. मी आईला सांगून टाकलं होतं की मी तुला कुठंही पाठवणार नाही. सांगताना माझे दोन्ही हात धड होते.

मग माझा उजवा खांदा आखडला. आईला रोज उचलून उचलून झालं असावं, किंवा वयानं. हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी व्यायाम दिला होता, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. फ्रिजशेजारच्या भिंतीवर मी पेन्सिलीनं खुणा करायचे. लहान मुलांची उंची मोजतात तशा त्या दिसायच्या, फक्त त्या वाढत नव्हत्या.

आणि खांद्याबद्दल मी बाईंना काही सांगितलं नव्हतं. त्यांना आईसाठी बोलावलं होतं.

बाई येरवड्याहून यायच्या, दोन बस बदलून. साठी ओलांडलेली, बुटकी, कपाळ मोठं, केस घट्ट मागे. सरकारी दवाखान्यात आया म्हणून नोकरी केलेली, त्यातली बरीच वर्षं व्यायाम आणि शेक देतात त्या विभागात. तिथं बघून बघून शिकल्या. "मी डॉक्टर नाही," हे त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या, कुणी म्हटलेलं नसताना. पौर्णिमेला सुट्टी. पांढरी साडी नेसून विहारात जायचं असे. "पौर्णिमा कधी ते मला विचारायचं नाही," त्यांनी बजावलं होतं. "तुमच्या भिंतीवर एवढं मोठं कॅलेंडर आहे."

पिशवीत दोन स्टीलच्या वाट्या, दोन जुने पंचे, स्वतःची धुतलेली चादर आणि सॉसच्या बाटलीत तिळाचं तेल. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करायचं. तोवर हातावर हात चोळत बसायचं, थंड हात अंगाला लावायचा नाही. डाव्या हातातली एकुलती एक बांगडी काढून दाराच्या कडीला अडकवायची. आणि माझा मोबाइल मागून घ्यायचा.

"कशाला?"

"वाजतो म्हणून."

तो पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवून त्या वर झाकण लावायच्या. पहिल्या दिवशी मला राग आला. आठवड्याभरानं पाऊण तास कुणीही आपल्याला गाठू शकत नाही याची मी सकाळपासून वाट बघायला लागले.

मालिश घेणाऱ्यानं कसं वागायचं याचेही नियम होते. "ओढ बसते आणि दुखतं, यांत फरक आहे. ओढ बसली, सहन होतेय, तर 'हं' म्हणायचं. दुखलं तर 'नको'. मी तिथंच थांबते. तिसरं काही बोलायचं नाही, आणि दात खाऊन सोसायचं तर मुळीच नाही. सोसल्यानं लवकर बरं होत नाही."

हेही त्या सगळीकडे सांगायच्या. पण आमच्या घरी त्यांनी ते आईच्या तोंडाजवळ वाकून सांगितलं, आणि आई त्यांच्याकडे बघत राहिली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडे उरले होते तेवढेच शब्द मागितले होते.

"हं," आई म्हणाली.

बाईंचा सगळ्यांत विचित्र नियम म्हणजे मालिश झाल्यावर 'बरं वाटतंय' म्हणायला बंदी होती. कुणी म्हटलंच तर त्या हात वर करून थांबवायच्या.

"आज नाही. परवा सांगा."

यामागं एक गृहस्थ होते. आमच्याच कोथरूडमधले, निवृत्त. कमरेची मालिश झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी त्याच संध्याकाळी भरलेलं सिलिंडर स्वतः उचलून आत नेलं. पंधरा दिवस पडून होते, आणि पडल्या पडल्या बाईंच्या नावानं खडे फोडत होते. "आजचं बरं वाटणं गरम तेलाचं असतं," बाई म्हणायच्या. "उद्याचं झोपेचं. परवाही वाटलं तर ते तुमचं. मग मला सांगा."

आणि बाई खरोखर परवा विचारायच्या. "नाही वाटलं" असं सांगितलं तर वाईट वाटून घ्यायच्या नाहीत. "बरं," म्हणायच्या आणि तेलाची वाटी पाण्यात ठेवायच्या.

मागं एकदा माझ्या भाचीनं मला मॉलमधल्या स्पाचं कूपन दिलं होतं. मंद दिवे, पाण्याचा आवाज, मेणबत्ती. हे मी बाईंना सांगितलं ते त्यांना चिडवायला. त्या नाक मुरडतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातलं काम न थांबवता विचारलं, "करणारीचे हात गरम होते?"

"होते."

"आधी विचारलं तिनं, कुठं दुखतंय, काही आजार आहे का, ऑपरेशन झालंय का?"

"विचारलं."

"मग चांगली पोरगी आहे. मेणबत्तीकडे लक्ष नाही द्यायचं."

तिसऱ्या आठवड्यात ते सुरू झालं. आईचे हात, मान, पाठ, मांड्या करून बाई गुडघ्यापाशी थांबल्या, आईला नीट झाकलं, पंच्याला हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गॅस बंद करा आणि झोपा."

"कुठं?"

"खाली, सतरंजीवर. उजवी बाजू वर."

"बाई, मी तुम्हाला आईसाठी बोलावलंय."

"आजारी कोण आहे ते मी ठरवते."

मी झोपले. वाद घालायलाही उभं राहावं लागतं, आणि तेवढं त्राण माझ्यात नव्हतं. त्यांनी खांद्याला हातच लावला नाही. डाव्या पायाच्या तळव्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पाठ. तिसऱ्या दिवशी दंडाच्या खालपर्यंत. "खांदा घाबरलाय," त्या म्हणाल्या. "आधी लांबून ओळख करून घ्यायची." चौथ्या दिवशी त्यांचा अंगठा खांद्यामागच्या फऱ्याखाली गेला आणि मला रडू कोसळलं. दुखत नव्हतं. कशाचं रडू ते मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक कित्येक महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता, त्याचं असावं.

"येतं कधी कधी," बाई म्हणाल्या. "पंचा घ्या. पदराला पुसू नका, तेलाचा डाग जात नाही."

मग रोज तसंच. आई गुडघ्यांपर्यंत, उरलेला वेळ मी. मला ते हवं असायचं, आणि हवं असल्याची लाज वाटायची. पलंगावर पडलेल्या बाईचा वेळ मी चोरत होते. महिनाभरानं भावानं फोनवर विचारलं की आईची मालिश व्यवस्थित होते ना, आणि मी "हो" म्हणाले. त्या खोट्याचा राग मी दुसऱ्या दिवशी बाईंवर काढला.

"आईचे पाय गुडघ्याखाली तुम्ही करतच नाही."

त्या हात चोळत होत्या.

"तिचं आता काही होणार नाही, असं तुम्ही मनात ठरवून टाकलंय. दारातच म्हणाला होतात, गेलेलं अंग परत येत नाही. म्हणून काट मारलीत तिच्यावर."

"एका पाठीचं दुसऱ्या पाठीला मी सांगत नाही, ताई," त्या म्हणाल्या.

हे काही उत्तर नव्हतं. मी तसं म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं, आवाज चढवून. आई आत पलंगावर सगळं ऐकत होती. बाईंनी ऐकून घेतलं, आईची मालिश केली, गुडघ्यांपर्यंतच केली, आणि दारात येऊन म्हणाल्या, "झोपा." त्या दिवशी मी झोपले नाही. त्या पिशवी उचलून गेल्या. दुसऱ्या दिवशी तीन वाजता बेल वाजली तेव्हा, त्या येणार नाहीत म्हणून मी दुपारपासून किती घाबरले होते ते मला कळलं. मी निमूट सतरंजी घातली.

आता त्या मंगळवारचं सांगते. बाई नेहमीसारख्या पावणेचारला गेल्या. मी फ्रिजशेजारी उभी राहिले आणि भिंतीवर बोटं चालवत नेली, तर हात दिव्याच्या बटणांच्या वर गेला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा. मी पेन्सिलीनं खूण केली आणि एकटीच हसले. चार वाजता आईला खुर्चीत बसवून चहा द्यायचा असे. बसवायला शेजारचे गृहस्थ मदतीला येत, ते त्या दिवशी लग्नाला गेले होते. मी म्हटलं, आपल्याला जमेल की आता.

अर्ध्यात खांद्यातून कळ निघाली ती थेट मनगटापर्यंत. आईला सोडलं नाही एवढंच. तिच्याखाली मी बसत गेले आणि आम्ही दोघी फरशीवर आलो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी सारखी "लागलं का, लागलं का" विचारत होते. "नको," ती म्हणत होती. मला समोर हडपसरची बाग दिसत होती. तिथल्या नर्सनी आईला पाडलं नसतं.

कुणाला बोलवावं म्हणून फोन शोधला तर जागेवर नाही. बरं वाटण्याच्या नादात मी तो डब्यातून काढलाच नव्हता. आईच्या डोक्याखाली उशी सरकवून स्वयंपाकघरात गेले, डबा उघडला आणि बाईंना फोन लावला. त्या अजून बस स्टॉपवरच होत्या.

दहा मिनिटांत आल्या. काय झालं ते विचारलं नाही. खाली बसून आईचं डोकं, कंबर, दोन्ही पाय बघितले, डावा पाय हलवायला लावला. "हाड ठीक वाटतंय. पण मी डॉक्टर नाही. आजच दाखवायचं," असं म्हणून त्यांनी पिशवीतली चादर काढली. आईला कुशीवर वळवलं, चादर अर्धी गुंडाळून पाठीशी लावली, दुसऱ्या कुशीवर वळवलं, चादर ओढून घेतली. मग पलंगावरची गादी खाली आणून शेजारी टाकली.

"धरा. डाव्या हातानं. उचलायचं नाही, सरकवायचं."

आई गादीवर आली. मी इतका वेळ उगाचच रडत होते.

"मी काय सांगितलं होतं?" बाईंनी विचारलं.

"परवा सांगा."

"मग? यांना उचलायला दोन माणसं लागतात. तुम्ही एक आहात. आणि तीही पाऊण."

"हं," आई गादीवरून म्हणाली. तिचा डावा गाल हलला. झटक्यानंतर ती हसलेली मी प्रथमच बघितली.

डॉक्टर येऊन बघून गेले, आईला काही झालं नव्हतं. भावाला मात्र सांगावंच लागलं. तो फोनवर म्हणाला, आता पुरे झालं, आपण हडपसरचं नक्की करू. बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "अहो दादा, मालिशवाली बोलतेय. या आधी. आठ दिवस राहा, आईंना सरकवायला शिका, मग काय ते ठरवा." तो आला. आठ नाही, चार दिवस राहिला. बाईंनी त्याला चादरीचा प्रकार शिकवला, आईच्या डोळ्यांदेखत तो तीनदा चुकला आणि चौथ्यांदा जमल्यावर त्या "बरं" म्हणाल्या. जाताना त्यानं हडपसरचा विषय काढला नाही. सकाळसाठी एक सांभाळणारी बाई लावून दिली आणि गेला.

त्यानंतर अकरा महिने आई घरीच होती, आणि एका सकाळी चहानंतर घरीच गेली. तोवर माझा हात अगदी पूर्वीसारखा नाही, पण डोक्यावर जाईल इतपत सुटला होता. मधल्या काळात मालिश मात्र तशीच चालली. आई गुडघ्यांपर्यंत, मग मी. मी परत कधी त्यावरून बोलले नाही. पण मनातला तो सल काही गेला नव्हता.

आई गेली त्या दिवशी बाई आल्या. लोक जमले होते. त्या सरळ आत गेल्या, आईच्या पायांशी खाली बसल्या, हातावर हात चोळले आणि तेल न लावता आईचे दोन्ही पाय गुडघ्यांपासून बोटांपर्यंत हळूहळू चोळले. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. त्या उठून म्हणाल्या, "राहिलं होतं." आणि बसला उशीर होतो म्हणून निघाल्या. मला त्या क्षणी त्यांचा रागच आला होता. जिवंत असताना करायचं ते आता.

दोन महिन्यांनी मी त्यांना माझ्यासाठी बोलावलं. कडीला बांगडी अडकली, फोन डब्यात गेला, सगळं पूर्वीसारखं. पण हाताला जोर नव्हता. उठून बघितलं तर त्यांच्या दोन्ही अंगठ्यांची मुळं सुजली होती.

"कधीपासून?"

"झालं वर्ष. आता बंद करणार आहे काम. तुमचं शेवटचं घर."

"तुमच्या हातांना कोण चोळतं?"

त्यांना प्रश्न कळला नसावा. मी तेलाची वाटी माझ्याकडे ओढली, हातावर हात चोळून गरम केले आणि त्यांचा उजवा हात घेतला. त्या अवघडून बसल्या, सक्तीनं पाहुणचार घ्यावा लागलेल्या माणसासारख्या. मला काही येत नव्हतं, त्यांचे हात अंगाला आठवतील तसं करत होते. पाच-सात मिनिटांनी त्यांचे खांदे जरा खाली आले.

"बरं वाटतंय?" मी मुद्दाम विचारलं.

"परवा सांगते."

परवा, बरोबर तीन वाजता, फोन वाजला.

"ताई, फरक काही नाही. अंगठा तसाच आहे. तेल फार घेता तुम्ही. पण त्या रात्री झोप लागली."

"बरं," मी म्हणाले.

"आणखी एक आहे. एका पाठीचं दुसऱ्या पाठीला मी सांगत नाही. पण ती पाठ आता नाही, म्हणून सांगते." मागं बसचा आवाज येत होता. "तिसऱ्या आठवड्यापासून आई गुडघ्यापाशी आलं की 'नको' म्हणायच्या. मला वाटलं दुखतंय. दाबून बघितलं, शिरा बघितल्या, काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'नको'. आणि डाव्या हातानं स्वयंपाकघराकडे दाखवायच्या. तुम्ही तिकडे डाव्या हातानं कुकर उतरवत होतात. मी विचारलं, ताईंना करू का? तर 'हं' म्हणाल्या. मग रोज तसंच. एकदा मी मुद्दाम पुढं पोटरीला हात लावला, तर माझा हात धरून बाजूला केला. तुम्ही मला बोललात ना, त्या दिवशीसुद्धा."

मी आईच्या पलंगावर बसले.

"फार जीव होता तुमच्यावर. आणि हुशारही होत्या. तुमचा हात गेला की आपली रवानगी हडपसरला, हे त्यांना तुमच्याआधी कळलं होतं. दोन्ही होतं."

त्यांनी विचारलं, "ताई, ऐकताय ना?"

"हो."

"कसं वाटतंय?"

"परवा सांगते," मी म्हणाले.

"सांगा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्याला आता सात महिने झाले. मी अजून फोन केलेला नाही.